धूर कुणाच्या चुलीचा?

गेल्या शनिवारी एक बाटली उघडली. भाच्याने विमानतळावरच्या दुकानातून आणलेली. वर ठसठशीत अक्षरांत बेटाचं नाव, आयला. खाली 'सिंगल माल्ट'. ४६ टक्के. मागच्या बाजूला समुद्र, वारा, परंपरा यावर आठ ओळींचं काव्य. पण ही दारू नक्की कुठल्या भट्टीत तयार झाली, हे पूर्ण बाटली फिरवून पाहिली तरी कुठेच नाही. भाचा म्हणाला, "मामा, सीक्रेट आहे ते. म्हणून तर स्वस्त मिळाली."

आम्ही चौघे होतो. त्यात एक काका, राज्य उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला, लगेच लांब केला. "अरे, हे तर सरकारी दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय." बरोबर होतं त्यांचं. पहिला वास टिंक्चर आयोडीनचा, बँडेजच्या पट्टीचा. दोन मिनिटं थांबलं की त्यामागून चूल येते. लाकडाची नव्हे, ओल्या मातीच्या ढेकळाचा धूर असतो ना, तसा. मग दुसऱ्या दिवशी सकाळची होळीची राख. जिभेवर मात्र आधी चक्क गोड, काकवीसारखं. नंतर मीठ, वाळत घातलेल्या बोंबलांची आठवण करून देणारं काहीतरी, आणि गिळल्यावर बराच वेळ घशात भाजलेल्या वांग्याच्या सालीचा कडवटपणा. चमचाभर पाणी घातलं तर लिंबाची साल वर आली आणि दवाखाना थोडा मागे गेला. मला आवडली. एकाला अजिबात आवडली नाही, त्याने सोडा मागितला, तो दिला.

मग सुरू झाला खेळ, कुणाची असेल? एक म्हणाला लाफ्रॉइग, दवाखान्यावरून. दुसरा म्हणाला कूल ईला, कारण त्या बेटावरची सगळ्यात मोठी भट्टी तीच आणि तिचाच माल बाहेर सगळ्यात जास्त विकला जातो. मी लागावुलिनवर अडून बसलो, फारसं कारण नसताना. काका गप्प होते. मग म्हणाले, "माझी तीस वर्षं हाच एक प्रश्न विचारण्यात गेली. माल कुणाचा? आणि तुम्ही लोक पैसे देऊन न सांगणाऱ्याकडून घेताय."

हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून ही लांबलचक पोस्ट. (दारूची जाहिरात नाही. न पिणाऱ्यांनीही वाचावी. यात एक मराठी पोरगा आणि मुंबईचं सुप्रीम कोर्टही येणार आहे.)

आधी धूर येतो कुठून ते. व्हिस्कीसाठी बार्ली भिजवून मोड आणतात, आपण मटकीला आणतो तसे. मग मोड थांबवण्यासाठी ती वाळवावी लागते. स्कॉटलंडच्या बेटांवर झाडं कमी, वारा फार. जळण म्हणून हाताशी काय, तर पीट. म्हणजे दलदलीत हजारो वर्षं न कुजता दबून राहिलेलं शेवाळ आणि गवत. ते विटांसारखं कापायचं, वाळवायचं, जाळायचं. त्या धुरातली फिनॉल वर्गातली रसायनं ओलसर दाण्याला चिकटतात आणि पुढे भट्टीतून, पिंपातून, वर्षानुवर्षं टिकून तुमच्या ग्लासापर्यंत येतात. त्यातलंच क्रेसॉल जंतुनाशकातही असतं, म्हणून दवाखाना आठवतो. हे पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत जमलेला थर पस्तीस सेंटिमीटर. कोपर ते बोटांपर्यंतही नाही. आणि आपण तो एका संध्याकाळी फुंकतो.

एकेकाळी डोंगराळ स्कॉटलंडमधली बहुतेक सगळीच व्हिस्की अशी धुरकट असणार, कारण जळणच ते. पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वे स्पे नदीच्या खोऱ्यात पोचली, तिच्यासोबत कोळसा आणि कोक पोचला, आणि तिकडची व्हिस्की हळूहळू निवळत गेली. आयलासारख्या बेटांनी धूर सोडला नाही. म्हणजे आज जी 'खास चव' म्हणून विकली जाते, ती मुळात रेल्वे न पोचल्याची खूण.

आता लपवाछपवीकडे येऊ. स्कॉटलंडच्या संसदेने दारूवर पहिला कर लावला १६४४ मध्ये. १७०७ ला इंग्लंडशी एकत्रीकरण झालं, १७२५ ला माल्टवर कर आला आणि ग्लासगोत दंगल पेटली. १७८४ च्या कायद्याने तर डोंगराळ भाग आणि सखल भाग यांच्यात रेषाच आखली, इकडे एक कर, तिकडे दुसरा. १८१४ ला नियम आला की डोंगराळ भागात ५०० गॅलनपेक्षा लहान भट्टी चालणार नाही. म्हणजे लहान शेतकऱ्याने आपल्या बार्लीचं काय करायचं? त्याने ते केलं जे जगभरचा शेतकरी करतो. रात्री केलं. गुहेत केलं. चुलीचा धूर दिसू नये म्हणून घराच्या धुरांड्यातून सोडला. अबकारी अधिकारी आला की गावभर आधी कळायचं. दारू कुणी गाळली, हे न सांगणं तिथे जगण्याचा भाग झालं.

आणि हे गाळणारे गुन्हेगार मानले जात होते का? कागदावर, हो. प्रत्यक्षात त्यांचं गिऱ्हाईक कोण, ते बघा. १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. त्याला ग्लेनलिव्हेटची व्हिस्की हवी होती, आणि त्या खोऱ्यात त्या वेळी परवान्याची भट्टी नव्हतीच. म्हणजे देशाचा राजा स्वतःच्याच कायद्याने बेकायदा ठरलेला माल मागत होता. दरबारी शोधाशोध करू लागले. रोथिमर्कसचे जमीनदार जॉन पीटर ग्रँट तेव्हा खासदार, शिवाय वकील. त्यांनी घरी मुलीला निरोप पाठवला, तुझ्या राखून ठेवलेल्या साठ्यातली काढून पाठव. मुलीचं नाव एलिझाबेथ ग्रँट. तिच्या आठवणी पुढे १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, त्यात तिने हे सगळं मजेत लिहून ठेवलंय. लपवून, चोरून गाळलेली, पिंपात मुरलेली ती दारू शिकारीच्या पक्ष्यांसह राजवाड्यात गेली आणि राजा खूश झाला.

पुढची गंमत आपल्याशी निगडित आहे. एलिझाबेथ स्वतःच लिहिते की ह्या भेटीची आठवण योग्य वेळी करून दिली गेली आणि तिच्या वडिलांना हिंदुस्थानातली न्यायाधीशाची जागा मिळाली. वडील तेव्हा कर्जात बुडालेले, देणेकऱ्यांपासून तोंड लपवत होते. १८२८ मध्ये सर जॉन पीटर ग्रँट मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश म्हणून आले. चोरट्या ग्लेनलिव्हेटच्या कृपेने!

त्याच वर्षी मुंबईत त्यांचे दोन्ही सहकारी न्यायाधीश, वेस्ट आणि चेंबर्स, काही महिन्यांच्या अंतराने वारले. ग्रँट एकटे उरले. आणि समोर प्रकरण आलं पुण्याच्या मोरो रघुनाथचं. अल्पवयीन मुलगा, पांडुरंग रामचंद्र या नातेवाईकाच्या ताब्यात. मुलाला कोर्टापुढे हजर करा, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम निघाला. गव्हर्नर जॉन माल्कम म्हणाले, पुण्यातल्या एतद्देशीयांवर मुंबईच्या कोर्टाचा अधिकार चालत नाही, हुकूम पाळला जाणार नाही. ग्रँट इतके संतापले की १८२९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कोर्टच बंद करून टाकलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने शेवटी सरकारच्या बाजूने कौल दिला. ग्रँट मुंबई सोडून कलकत्त्याला गेले.

मला या माणसाबद्दल काय वाटावं ते अजून ठरत नाही. सरकारने कायदा मोडला म्हणून कोर्टाला कुलूप लावणारा बाणेदार न्यायाधीश, आणि त्याची खुर्ची मात्र कायदा मोडून गाळलेल्या दारूवर मिळालेली. दोन्ही खरं आहे.

राजाच्या भेटीनंतर वर्षभरात, १८२३ ला, नवा अबकारी कायदा आला. कर निम्म्याहून खाली आणला, दहा पौंडांत परवाना, आणि किमान भट्टी ५०० गॅलनवरून ४० गॅलनवर. सरकारच्या लक्षात आलं होतं की शिपाई वाढवून भागत नाही. ग्लेनलिव्हेट खोऱ्यात जॉर्ज स्मिथने १८२४ ला परवाना घेतला तेव्हा शेजारचे चोरटे गाळणारे इतके चिडले की त्याला कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरावं लागायचं. पण वीसेक वर्षांत चोरट्या भट्ट्या जवळपास संपल्या. आयलावरच्या लाफ्रॉइग, आर्डबेग, लागावुलिन यांचा अधिकृत जन्म १८१५-१६ चा सांगतात. ज्यांना लपून राहायची सवय होती त्यांनी दारावर पाट्या लावल्या.

इथे थोडं आडवाटेने जातो. बरोबर ५५ वर्षांनी, १८७८ मध्ये, आपल्याकडे मुंबई अबकारी कायदा आला. तोही त्याच साम्राज्याचा. पण त्याची दिशा उलटी. लहान भट्ट्या बंद, मोठ्या मध्यवर्ती भट्ट्या ठेकेदारांच्या हातात, ताडाच्या झाडागणिक कर. १८९२ ला तर ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच स्वतंत्र कायदा केला. फुलं वेचून ठेवणं हाच संशयाचा विषय! स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याला मिळाला दहा पौंडांचा परवाना, आणि आपल्या कातकऱ्याला, वारल्याला मिळाला पंचनामा. त्यांची चोरटी दारू पुढे 'सिंगल माल्ट' झाली. आपली 'हातभट्टी'च राहिली. मोहाची दारू मुळात वाईट होती म्हणून असं झालं, असं कुणी म्हणत असेल तर त्याने ती नीट बनवलेली चाखलेली नाही. गोव्याने निदान काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, तिची पाटी लागली.

पाटी लागली की तिची चोरीही सुरू होते. स्मिथचं नाव झाल्यावर आसपासच्या डझनभर भट्ट्यांनी आपापल्या नावामागे ग्लेनलिव्हेट जोडलं. लोक थट्टेने म्हणत, स्कॉटलंडमधली सगळ्यात लांब दरी हीच. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८८४ ला ठरलं की नुसतं 'द ग्लेनलिव्हेट' एकालाच, बाकीच्यांनी जोडनाव लावावं. आयलावर तर याहून भारी. लागावुलिनच्या पीटर मॅकीकडे शेजारच्या लाफ्रॉइगची विक्री एजन्सी होती. ती १९०७ ला गेली. गड्याने काय करावं? लाफ्रॉइगच्या पाण्याचा ओढा दगड टाकून अडवला. कोर्टाने दगड काढायला लावले. मग १९०८ मध्ये त्याने स्वतःच्या आवारात 'माल्ट मिल' नावाची छोटी भट्टी उभारली, हुबेहूब लाफ्रॉइग बनवायला. तोच धूर, तशीच भांडी. १९६२ पर्यंत चालली, पण लाफ्रॉइग काही झाली नाही. भट्टीचं नाव महत्त्वाचं नसतं असं सांगणाऱ्यांना ही गोष्ट सांगावी.

मग आमच्या बाटलीवर नाव का नाही?

उत्तर ब्लेंडमध्ये आहे. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधीच गोदामात वेगवेगळ्या भट्ट्यांचा माल मिसळायची मुभा मिळाली, आणि एडिंबरोच्या अँड्र्यू अशरसारख्यांनी त्यावर धंदा उभारला. तेव्हापासून भट्ट्या एकमेकींना पिंपं विकतात, अदलाबदल करतात. ब्लेंडमध्ये वीस-तीस भट्ट्यांचा माल, बाटलीवर एकच ब्रँड. कुणाचं किती, हे धंद्याचं गुपित. ही व्यवस्था शंभर वर्षं सुरळीत चालली, कारण सिंगल माल्ट म्हणून स्वतंत्र कुणी फारसं विकतच नव्हतं. ग्लेनफिडिकने १९६३ ला ते मोठ्या प्रमाणावर बाहेर न्यायला सुरुवात केली. पुढे भट्टीचं नाव हाच ब्रँड झाला, तेव्हा पंचाईत झाली. भट्टीवाल्याला जादा पिंपं विकायची तर असतात, पण दुसऱ्याने आपलं नाव लावून आपल्यापेक्षा स्वस्त विकू नये असंही वाटतं. म्हणून करारातच अट, नाव छापायचं नाही. काही जण तर आणखी पुढे जातात. पिंपात दुसऱ्या भट्टीची चमचाभर व्हिस्की टाकतात. चव तीच राहते, पण कायद्याने ती सिंगल माल्ट उरत नाही, म्हणून नाव लावताच येत नाही. लाफ्रॉइगचा असा 'चमचा लावलेला' माल बाजारात विल्यमसन या नावाने फिरतो. हे नाव बेसी विल्यमसनचं. ती १९३४ मध्ये उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून आयलावर आली आणि १९५४ ला मालकाच्या मृत्युपत्राने भट्टीचीच मालकीण झाली. बाईचं नाव छापून भट्टीचं लपवायचं, ही युक्ती मला तरी गमतीदार वाटते.

एडिंबरोत १९८३ पासून माल्ट व्हिस्कीप्रेमींची एक सोसायटी आहे. ती नावांऐवजी आकडे छापते. २९ म्हणजे लाफ्रॉइग, ३३ म्हणजे आर्डबेग, ५३ म्हणजे कूल ईला. सगळ्यांना माहीत, तरी सगळ्यांनी माहीत नसल्याचा आव आणायचा. आपल्याकडच्या मटक्यात आकड्यांवर जसं सगळं चालायचं, तसंच.

यातलं सगळंच निरागस नाही. २००३ मध्ये एका बड्या कंपनीने कार्डू नावाची सिंगल माल्ट पुरेना म्हणून तीत इतर भट्ट्यांचा माल मिसळला, 'सिंगल'च्या जागी 'प्युअर' लिहिलं, आणि बाटली जवळपास तशीच ठेवली. बोंब झाली, वर्षभरात मागे घ्यावं लागलं. त्यातूनच २००९ चे नियम आले, कशाला काय म्हणायचं ते ठरलं. सिंगल माल्टची बाटली स्कॉटलंडमध्येच भरायची, हेही २०१२ पासून सक्तीचं झालं. म्हणजे आमची बाटली पूर्ण कायदेशीर आहे. एकाच भट्टीची आहे, आयलाचीच आहे, किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात राहिलेली आहे. तिकडच्या सरकारकडे भट्टीचं नावही आहे. फक्त पैसे देणाऱ्याला सांगायचं नाही.

उलटं उदाहरणही बघा. कंपास बॉक्स नावाच्या छोट्या कंपनीने २०१५ मध्ये आपल्या ब्लेंडमध्ये कुठली, किती वर्षांची, किती टक्के व्हिस्की आहे ते सगळं जाहीर केलं. तर त्यांनाच नोटीस! कारण नियमाप्रमाणे वय सांगायचं तर फक्त सगळ्यात तरुण व्हिस्कीचं सांगायचं, बाकीचं नाही. लपवलं तर चालतं, पण जास्त खरं सांगितलं तर नियमभंग.

इथे काका मध्येच म्हणाले, "तुमच्यासाठी हे कोडं आहे. आमच्यासाठी नव्हतं." पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मजूर, रिक्षावाले. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीवरही नाव नव्हतं. स्कॉटलंडचा ग्राहक नाव नसलेली बाटली निर्धास्त पिऊ शकतो, कारण त्याच्यामागे दोनशे वर्षांची मोजणारी, तपासणारी, कर घेणारी यंत्रणा उभी आहे. गुपित परवडायला आधी भरवशाचं खातं लागतं.

आणि हा विषय आता आपल्या दारात आलाय. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. त्याआधी महाराष्ट्राने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आयात स्कॉचवरचा राज्याचा कर ३०० वरून १५० टक्के केलाच होता. उलट २०२५ च्या जूनमध्ये इथल्या 'भारतीय बनावटीच्या विदेशी मद्या'वरचा कर वाढवला. (हा शब्दप्रयोगही कुणी शोधला असेल त्याला दंडवत.) सिंगल माल्ट पिंपातून आणता येत नाही, पण अनेक भट्ट्यांचं मिश्रण टँकर भरून येतं आणि इथल्या व्हिस्कीत थोडं-थोडं मिसळलं जातं. 'स्कॉच माल्टयुक्त' एवढंच लेबलवर. कुठल्या भट्टीचं, किती टक्के? नाही. बंगळूरची अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन मात्र आपल्या धुराचा पीट स्कॉटलंडचा आहे हे उघड सांगतात, आणि भट्टीचं नाव मिरवतात. ते मला जास्त पटतं.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा अजून लागू आहे. त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. काकांनी उठायच्या आधी आठवण करून दिलीच: "परवाना आहे ना रे चौघांकडे?" दोघांकडे होता. म्हणजे त्या खोलीत पिणाऱ्याचं नाव सरकारला हवं होतं, गाळणाऱ्याचं नाव आम्हाला हवं होतं, आणि दोन्ही अर्धवट.

बाटलीत अजून तीन बोटं शिल्लक आहे. आम्ही तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवलीय. लाफ्रॉइग, कूल ईला, लागावुलिन, प्रत्येकासमोर ज्याने त्याने सही केलीय. सगळ्यात खाली काकांचं अक्षर, पंचनाम्यातलं असतं तसं तिरकं: "अज्ञात इसम."